नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवी: गोव्यातल्या नोकरदारांचे नेहमीचे प्रश्न

वेर्ण्याच्या औषध कंपनीत शिफ्ट करणारा सुपरवायझर, कळंगुटच्या हॉटेलात फ्रंट ऑफिस सांभाळणारी मुलगी, वाळपईची अंगणवाडी सेविका, मुरगाव बंदरातला कारकून. दूरस्थ शिक्षणाच्या संपर्क वर्गांना रविवारी सकाळी येतात ती माणसं साधारण अशी. त्यांचे प्रश्नही ठरलेले, आणि सहसा चहाच्या वेळेत विचारलेले. त्यांची उत्तरं इथे जरा सावकाशीनं लिहिली आहेत. 'हे सगळं सुरू कुणी केलं आणि कशासाठी' हा प्रश्न फार थोडे विचारतात, तरी तोही घेतला आहे. तो कळला की बाकीची निम्मी उत्तरं आपोआप सुचतात.

मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन: तिन्ही एकच का?

नाही. 'मुक्त' हे धोरण आहे. प्रवेशासाठी वय, टक्केवारी, मध्ये पडलेला खंड यांची आडकाठी कमीत कमी ठेवायची. 'दूरस्थ' ही पद्धत आहे. पुस्तकं घरी येतात, जवळ अभ्यासकेंद्र असतं, अधूनमधून संपर्क वर्ग होतात. 'ऑनलाइन'मध्ये व्याख्यानं, स्वाध्याय, शंकासमाधान सगळं पोर्टलवर चालतं, अभ्यासकेंद्र नसतंच.

हा फरक कागदोपत्री नाही, तुमच्या पत्त्याशी त्याचा थेट संबंध आहे. राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाहीत. ऑनलाइनला ही हद्द लागू नाही. म्हणजे सावंतवाडीच्या मावसभावाला नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा दूरस्थ अभ्यासक्रम घेता येतो, तोच बांद्याचा नाका ओलांडून पेडण्यात राहणाऱ्या तुम्हाला गोव्यातल्या केंद्रावरून घेता येत नाही. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, हे संसदेच्या कायद्यानं झालेलं केंद्रीय विद्यापीठ असल्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. गोव्यासाठी त्याचं प्रादेशिक केंद्रही आहे.

ही कल्पना मुळात निघाली कुणासाठी?

नोकरी करणाऱ्यांसाठीच. हल्ली सवलत म्हणून ती सांगितली जाते, पण उलट आहे. नोकरदार हा या विद्यापीठांचा मूळ विद्यार्थी.

१८५८ साली लंडन विद्यापीठानं कॉलेजात न बसलेल्यांनाही आपल्या परीक्षा खुल्या केल्या. अभ्यास कुठेही करा, परीक्षा द्या, पास झालात तर पदवी घ्या. शिकवण्याची जबाबदारी मात्र विद्यापीठावर नव्हती. ज्याच्याकडे पुस्तकं आणि फुरसत, त्यालाच ते जमायचं.

खरा बदल ब्रिटनमध्ये झाला. हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये ग्लासगोच्या भाषणात 'हवेतल्या विद्यापीठा'ची कल्पना मांडली. रेडिओ, टीव्ही आणि टपाल वापरून घरबसल्या पदवी. पुढे ते पंतप्रधान झाल्यावर ती तडीस नेण्याचं काम मंत्री जेनी ली यांच्याकडे आलं. त्या खाणकामगाराच्या कन्या. 'शिकवणीवर्गाचा दर्जा नको, अस्सल विद्यापीठच हवं' यावर त्या अडून बसल्या. १९६९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटीला राजसनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये पहिली तुकडी शिकू लागली. पहिल्याच वर्षी विद्यार्थी सुमारे पंचवीस हजार. प्रवेशाला आधीच्या शिक्षणाची अट शून्य. बीबीसीवर पाठ लागायचे, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाचं साहित्य, अगदी सूक्ष्मदर्शकासकट, पेटीत भरून घरी पाठवलं जायचं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोगशाळा.

यातली मेख लक्षात घ्या. प्रवेश सोपा केला, पदवी सोपी केली नाही. आत यायला अडवायचं नाही, पण बाहेर पडताना इतर विद्यापीठांइतकंच तोलून घ्यायचं. कुठल्याही ऑनलाइन विद्यापीठाच्या 'ध्येय आणि उद्दिष्टे' या पानावर गोड वाक्यं असतातच. ती बाजूला ठेवा आणि एवढंच पाहा: शिकवण्याची, तपासण्याची आणि नापास करण्याची जबाबदारी ते घेतात का?

भारतात हे कधी आलं?

१९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठानं पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, तिथून. टपालानं धडे यायचे, टपालानंच उत्तरं जायची. स्वतंत्र मुक्त विद्यापीठ व्हायला आणखी वीस वर्षं गेली. १९८२ मध्ये हैदराबादला देशातलं पहिलं उभं राहिलं, ते आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावानं ओळखलं जातं. त्याचे पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी हेच पुढे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इग्नूचेही पहिले कुलगुरू झाले. इग्नूनं १९८७ मध्ये दोन पदविकांनी सुरुवात केली, विद्यार्थी ४,५२८. त्या दोनपैकी एक पदविका व्यवस्थापनाची होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नोकरदारच होता.

मराठी माणसाच्या ओळखीचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मधलं, मुख्यालय नाशिक, पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. पूर्ण ऑनलाइन पदवीला यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, नियम केले ते त्यामानानं अलीकडे, २०१८ मध्ये. सध्या लागू आहेत ते मुख्य नियम २०२० चे.

आणि गोव्यात?

गोव्याची गोष्ट वेगळी आहे, आणि हे शिक्षण इथे इतकं का रुजलं ते तिच्यात सापडतं. पोर्तुगीज काळात पणजीला वैद्यकीय शाळा होती १८४२ पासून, लिसेव, म्हणजे माध्यमिक शाळा, होती १८५४ पासून. विद्यापीठ मात्र नव्हतं. पदवी घ्यायची तर घाट चढून बेळगाव नाहीतर पुणे, किंवा बोटीनं मुंबई. ज्यांच्या घरी बाहेर ठेवण्याइतका पैसा होता ते गेले. बाकीचे दुकानात, बागायतीत किंवा तारवावर, म्हणजे जहाजावर, लागले.

मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही कॉलेजं निघाली, तीही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव शाळा झाल्या, पेडणे, सत्तरी, डिचोली भागात मराठी शाळा तर मोठ्या संख्येनं. गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ चा आणि कामकाज १९८५ पासूनचं. म्हणजे शाळा घराजवळ आली तेव्हा कॉलेज लांब होतं, आणि आपलं विद्यापीठ यायला पुढे वीसेक वर्षं लागली. आज पन्नाशी-साठीत असलेली, 'बारावीनंतर लगेच लागलो कामाला' म्हणणारी पिढी त्यातूनच आलेली आहे. संपर्क वर्गात पहिल्या बाकावर तीच बसते, आणि प्रश्नही तीच जास्त विचारते.

अमेरिकेतल्या ऑनलाइन विद्यापीठांची जाहिरात सारखी दिसते. ती चांगली का?

दोन्ही तऱ्हा आहेत. फिनिक्स विद्यापीठ जॉन स्पर्लिंग यांनी १९७६ मध्ये नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठीच काढलं आणि १९८९ मध्येच ऑनलाइन शिकवायला सुरुवात केली. नफ्यावर चालणारी ही संस्था अफाट वाढली. पण मोठ्या कंपन्यांशी नोकऱ्यांबाबत आपले संबंध असल्याचा भास जाहिरातींतून निर्माण केल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये तिला अमेरिकी सरकारशी १९.१ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. दुसरीकडे, १९९७ मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी काढली. ती ना-नफा आहे. तिथे किती महिने बसलात हे मोजत नाहीत, विषय येतो का ते तपासतात. वीस वर्षं हिशेब लिहिलेल्या माणसाला हिशेबाचा पेपर लवकर सोडवून पुढे जाता येतं. ही कल्पना मला फार आवडते. आपल्याकडे ती अजून नीट आलेली नाही.

परदेशी पदवीला भारतात, विशेषतः सरकारी नोकरीत, समकक्षतेचा प्रश्न येतोच. फी भरण्याआधी त्याची चौकशी करा.

ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात का?

विद्यापीठाला आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला त्या वर्षी यूजीसीची मान्यता असेल तर होय. २०२० च्या नियमांतच तसं आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीनं पुन्हा पत्रक काढून ते स्पष्ट केलं. सरकारी जागेसाठी मात्र जाहिरातीतली अट शब्दशः वाचा. खासगी कंपनी कुणाला घ्यायचं ते आपल्या मर्जीनं ठरवते, तिथे नियमाचा कागद दाखवून उपयोग नसतो.

मान्यता आहे की नाही हे कसं तपासायचं?

क्लासवाल्याला विचारून नव्हे. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर जा. तिथे विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि सत्र, तिन्ही जुळताहेत का ते पाहा. विद्यापीठाला मान्यता आहे म्हणजे त्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला आहे, असं नाही. गेल्या वर्षी होती म्हणजे यंदाही असेल, असंही नाही.

शिवाय हल्ली प्रवेशापूर्वी विद्यार्थ्यानं स्वतः डीईबी आयडी काढावा लागतो. त्यासाठी आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे विद्यार्थ्यानं मिळवलेली क्रेडिटं जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्याचा, आयडी लागतो. हे दोन्ही फुकट आहेत आणि मोबाइलवर होतात. 'तुमचा आयडी आम्ही काढतो, हजार रुपये द्या' म्हणणारा माणूस भेटला तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा. अभ्यासक्रम फ्रँचायझीनं चालवायला नियमानं बंदी आहे. म्हापशात किंवा मडगावात एखाद्या क्लासच्या पाटीवर पाच-सहा विद्यापीठांची नावं एकाखाली एक दिसली, तर तो दलाल आहे असं समजून चाला.

हे इतकं बजावून सांगायचं कारण आहे. २००१ नंतर काही अभिमत विद्यापीठांनी, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्थांनी, परवानगी नसताना दूरस्थ पद्धतीनं इंजिनिअरिंगच्या पदव्या वाटल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा चार विद्यापीठांच्या पदव्यांवर निकाल दिला. नंतरच्या तुकड्यांच्या पदव्या रद्द झाल्या, आधीच्यांच्या स्थगित झाल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. त्या पदवीवर बढती घेऊन वरिष्ठ झालेली माणसं होती त्यांत. चूक विद्यापीठांची, भरपाई नोकरदाराची.

काय शिकता येत नाही?

इंजिनिअरिंग, वैद्यकीय आणि निमवैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर, कायदा, शेती यांच्या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन मिळत नाहीत. पीएचडीही नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र आणि आहारशास्त्रासारखे आरोग्याशी जोडलेले विषयही बंद झाले.

गोव्यात सगळ्यांत जास्त निराशा होते ती पुढच्या नावानं: हॉटेल मॅनेजमेंट. तेही याच यादीत आहे, केटरिंग आणि पाककलाही. पंधरा वर्षं कांदोळीच्या किचनमध्ये काढलेल्या माणसाला हे ऐकवताना वाईट वाटतं, पण यादी यादी आहे. त्याच्यासाठी पर्यटनाची पदवी, वाणिज्य किंवा एमबीए हे रस्ते उघडे आहेत. पुढे मॅनेजरच्या जागेवर जायचं असेल तर खरं तर तेच जास्त कामाला येतात, कारण भाजी कशी चिरायची ते त्याला विद्यापीठानं शिकवायची गरज उरलेली नाही.

वेर्ण्याच्या आणि कुंडईच्या डिप्लोमावाल्यांनी 'ऑनलाइन बीई' शोधू नये. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद असलेल्या एआयसीटीईनं २०२३-२४ पासून मान्यताप्राप्त कॉलेजांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग चालवायची मुभा दिली आहे. जवळच्या कॉलेजात त्याची विचारणा करा. बीएड दूरस्थ मिळतं, पण सेवेत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांना, किंवा आधी वर्गात बसून शिक्षक-प्रशिक्षणाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केलेल्यांनाच. कायदा हवा तर मिरामारचं साळगावकर किंवा मडगावचं कारे कॉलेज गाठून हजेरी लावायची, दुसरा उपाय नाही.

आठवड्याला किती वेळ द्यावा लागतो?

जाहिरातीत 'तुमच्या वेळेनुसार' असतं. हिशेब असा. दूरस्थ शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. चार क्रेडिटचा एक पेपर म्हणजे १२० तास. एमएच्या ८० क्रेडिटचे चार सत्रांत भाग केले तर सत्राला २०, म्हणजे ६०० तास. सत्रात अभ्यासाचे चोवीस आठवडे धरले तर आठवड्याला पंचवीस तास.

आठ तासांची ड्यूटी, वाळपई ते पणजी जाऊन-येऊन प्रवास, घरी स्वयंपाक. पंचवीस तास कुठून येणार? येत नाहीत. म्हणून मुदत लांबवता येते. इग्नूत तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. तीन वर्षांतच संपवायची जिद्द धरणारे पहिल्या वर्षाच्या असाइनमेंटमध्येच थकलेले दिसतात. सत्राला दोन-तीनच पेपर देणारा, कदंबच्या बसमध्ये खिडकीशी बसून पुस्तक उघडणारा माणूस उशिरा का होईना, पोचतो.

परीक्षा डिसेंबरात. हॉटेलात तेव्हा रजा कोण देणार?

कुणी देणार नाही. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरात असतात. आपला सिझन ऑक्टोबरला सुरू होतो, आणि डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात रजेचा अर्ज म्हणजे मॅनेजरला विनोद वाटतो. दिल्लीत वेळापत्रक ठरवताना बागा-कळंगुटचा विचार झालेला नसणार, ते साहजिक आहे.

मार्ग आहे. परीक्षेचा फॉर्म दर वेळी वेगळा भरायचा असतो, त्यामुळे डिसेंबर सोडून जूनला बसता येतं. जून म्हणजे पाऊस, हॉटेलं अर्धी रिकामी, रजा सहज. असाइनमेंट मात्र मुदतीत द्या. डिसेंबरच्या परीक्षेची मुदत चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, लवकरच येते, आणि चवथीच्या दिवसांत गोव्यात कुणी कागदाला हात लावत नाही. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायच्या आधीच लिहून मोकळे व्हा. दुसरा मार्ग: वर्षाच्या सुरुवातीलाच रोस्टर करणाऱ्याशी बोलून ठेवा. ऐनवेळी मागितलेल्या रजेपेक्षा सहा महिने आधी सांगितलेली रजा मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

ऑनलाइन परीक्षा घरून देता येते का? नेटवर्कचं काय?

काही विद्यापीठं घरून घेतात. कॅमेरा चालू, ओळखपत्र दाखवायचं, खोलीत दुसरं कुणी नको, नजर सारखी पडद्याबाहेर गेली तर नोंद होते. काही विद्यापीठं केंद्रावरच बोलावतात. सत्तरी, सांगे, केपे इथल्या लोकांना माझा सल्ला केंद्राचा. कोविडच्या वर्षी नेटवर्कसाठी डोंगरावर बसलेली मुलं सगळ्यांनी पाहिली आहेत. फायबर आता बऱ्याच गावांत पोचला, पण पहिल्या पावसात झाड तारेवर पडलं की वीज आणि इंटरनेट बरोबरच जातात. व्याख्यानं आधी उतरवून ठेवता येतात, परीक्षा येत नाही.

मी आधीच कॉलेजात आहे. दुसरी पदवी बरोबरीनं घेता येते का?

एप्रिल २०२२ पासून येते. एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन चालते. दोन्ही दूरस्थ-ऑनलाइन असल्या तरी चालतं. नोकरी करणाऱ्यानं मात्र या भानगडीत पडू नये, वरचा पंचवीस तासांचा हिशेब पुन्हा वाचावा.

बारावी झालेली नाही.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी करा. पूर्वी मुक्त विद्यापीठं पूर्वतयारीचा छोटा अभ्यासक्रम करून घेऊन थेट पदवीला घेत, आणि त्यातून कितीतरी लोक पदवीधर झाले. पण सरकारी भरतीत बारावीचं प्रमाणपत्र वेगळं मागितलं की पंचाईत होते. एनआयओएसमध्ये वर्ष जास्त जाईल, कागद मात्र पक्का राहील.

मराठीतून शिकता येतं का?

नाशिकच्या विद्यापीठाची ताकद तीच आहे. त्यांची स्वयंअध्ययनाची मराठी पुस्तकं, विशेषतः कला आणि वाणिज्य शाखेची, सोप्या भाषेत लिहिलेली आहेत. पण दूरस्थ अभ्यासक्रमाची हद्दीची अट वर सांगितलीच. इग्नूत पुस्तकं मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत असतात. इंग्रजीची भीती असेल तर पहिल्या सत्रात एकच जड पेपर घ्या आणि संपर्क वर्ग चुकवू नका. तिथे समुपदेशक सर्रास मराठी-कोंकणीत समजावतात.

जहाजावर आहे, सहा-आठ महिने बाहेर. जमेल?

अभ्यास जमेल, परीक्षेची वेळ साधणं कठीण. ज्या विद्यापीठात परीक्षा पुढे ढकलली तरी प्रवेश रद्द होत नाही, तेच निवडा. जहाजावरच्या नेटवर व्हिडिओ चालत नाही, तेव्हा छापील किंवा पीडीएफ पुस्तकं देणारा अभ्यासक्रम घ्या. असाइनमेंट जहाजावर लिहा, परीक्षा सुट्टीवर आल्यावर द्या.

फी हप्त्यानं भरू का?

विद्यापीठ स्वतः सत्रागणिक फी घेत असेल तर खुशाल. मध्येच एखादी कर्ज देणारी कंपनी आणून सगळ्या वर्षांची फी एकदम उचलायला लावत असतील तर नको. शिक्षण सोडलं तरी हप्ता सुटत नाही.

प्रवेशाआधी कोणते कागद जमवून ठेवू?

दहावी, बारावीच्या गुणपत्रिका, आधार, फोटो, जातीचा दाखला असल्यास तो. पण गोव्यात अडतं ते नावावर. जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाचं, शाळेत इंग्रजी वळणाचं, आधारवर तिसरंच. नाईक आडनावाच्या शेवटी एका कागदावर 'के', दुसऱ्यावर 'क्यूयूई'. बायकांचं माहेरचं नाव गुणपत्रिकेवर, सासरचं आधारवर. क्रेडिट बँकेचा आयडी आधारवरून निघतो, आणि तिथलं नाव गुणपत्रिकेशी जुळलं नाही की अर्ज लटकतो. आधार सुधारायला वेळ लागतो. नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी राजपत्रातली नोंद मागतात. जुलैचा प्रवेश हवा असेल तर हे काम शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, सुमारालाच हातात घ्या.